कुकर तोच, माणसं दोन

मुलं नोकरीला, शिक्षणाला किंवा लग्न होऊन घराबाहेर पडली, की मागे राहिलेल्यांची पत्रं येतात. या वेळी ती इतकी आली की अख्खं सदर त्यांनाच दिलं आहे. बरीचशी पत्रं ‘करमत नाही’ने सुरू होतात आणि दुसऱ्या परिच्छेदात उरलेल्या भातावर येतात. आम्हीही तिथूनच सुरुवात करतो.

प्रश्न : पंचवीस वर्षं चौघांचा स्वयंपाक केला. मुलगा बंगळूरला, मुलगी दिल्लीला. दोघांपुरतं करायला गेले की हमखास उरतं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही शिळं खातो. कमी केलं तर चव बिघडते. वरण शिजत नाही, दही लागत नाही. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं.
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : तुमचा हात बिघडलेला नाही. त्याला चौघांचं माप लागलं आहे आणि ते नुसतं ठरवून सुटत नाही. पंधरा दिवस अंदाज बाजूला ठेवा आणि तांदूळ, डाळ, कणीक प्रत्येकाच्या डब्यात एक-एक वाटी मापाला टाकून ठेवा. साधारण १५० मिलीची, आमटीची असते ती. पोळी आणि भात दोन्ही खाणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या दोघांना एका जेवणाला अर्धी वाटी तांदूळ, म्हणजे साठ-पासष्ट ग्रॅम, पुरतात. आमटीला पाव वाटी तूरडाळ. घडीच्या पोळीला साधारण ४० ग्रॅम कणीक लागते, फुलक्याला २५ ते ३०. वाटीभर कणकेच्या दोन पोळ्या धरा, चार हव्या असतील तर दोन वाट्या. फळभाजी पाव किलो. मेथी किंवा चुका असेल तर एक जुडी, कारण पालेभाजी शिजून बसते.

आता वरण का शिजत नाही. पाच लिटरच्या कुकरातल्या रुंद डब्यात पाव वाटी डाळ पातळ पसरते. चौघांच्या हिशेबाच्या निम्मं पाणी घातलं, की ते डाळीच्या वर जेमतेम बोटभरही राहत नाही. डाळ फुगून वर येते आणि वरचा थर कोरडा शिजतो. त्याच कुकरात करायचं असेल, तर डबा अरुंद आणि उंच घ्या आणि डाळीच्या तिप्पट पाणी घाला. खरं तर तीन लिटरचा उभा कुकर घेणं बरं. मोठ्या कुकरातली रिकामी जागा आधी वाफेने भरावी लागते, म्हणून पहिली शिट्टी उशिरा होते आणि गॅस उगाच जळतो. दोन लिटरचा पसरट कुकर स्वस्तात मिळतो, पण त्यात वरण आणि भात असे दोन डबे एकावर एक बसत नाहीत. तुळशीबागेत जाताना घरातले डबे पिशवीत घेऊन जा आणि दुकानातच बसवून बघा.

मोठा कुकर माळ्यावर टाकणार असाल, तर रिंग झाकणावरून काढून ठेवा. वर्षभर झाकणात ताणलेली रिंग कडक होते आणि नेमकी दिवाळीत, घर भरलेलं असताना, कुकर बाजूने वाफ सोडतो.

चव बिघडते ती बहुतेक फोडणीमुळे. मोठ्या कढईत चमचाभर तेल पसरतं, तळाला नुसता लेप उरतो, आणि मोहरी तडतडायच्या आत करपते. छोटं कढलं किंवा लोखंडी पळी वापरा. पाण्याचंही गणित सरळ निम्मं नसतं. भांडं तेवढंच आणि उकळायला वेळही तेवढाच, म्हणजे वाफ होऊन जाणारं पाणी जवळपास तेवढंच. चौघांच्या आमटीला चार वाट्या घालत असाल, तर दोघांच्या आमटीला अडीच लागतील. मीठ, तिखट, गूळ मात्र सरळ निम्मे करा.

दही : लिटरभर दूध तासन्‌तास कोमट राहतं, अर्धा लिटर लगेच निवतं, आणि डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या रात्री थंड असतात. कोमट दुधात अर्धा चमचा विरजण नीट मिसळून छोट्या भांड्यात लावा आणि ते भांडं पोळ्यांच्या उष्णता धरणाऱ्या डब्यात झाकून ठेवा. विरजण वाढवलं तर दही लागतं खरं, पण आंबट होतं.

न विचारलेलं एक सांगतो. दूध निम्मं झालं की सायही निम्मी साठते. पूर्वी दहा-बारा दिवसांत लोणी निघत असेल, तर आता तीन आठवडे लागतील. विरजण लावलेली साय फ्रीजमध्ये इतके दिवस ठेवली की कडवट होते आणि तुपाला वास येतो. साय विरजण न लावता फ्रीझरमध्ये साठवा. पुरेशी झाली की रात्री बाहेर काढून सुटू द्या, कोमट करून विरजण लावा आणि सकाळी घुसळा.

दळणही कमी करा. पाच किलो पीठ दोघांना महिना-सव्वा महिना चालतं आणि पावसाळ्यात तेवढ्यात त्याला कडसर वास लागतो, अळ्याही होतात. जून ते सप्टेंबर दोन-दोन किलोच दळा. चवळी, राजमा, छोले, पुरण जास्तीचं करून दोघांच्या वाट्याच्या डब्यांत फ्रीझ करायला हरकत नाही. बटाटा घातलेलं काही फ्रीझ करू नका, तो नंतर पाणी सोडून स्पंजासारखा होतो. कढीही नको, फाटते.

पोळीचा कुस्करा एखाद्या दिवशी हौसेने खावा. आठवड्यात चारदा करावा लागला तर समजा, कणकेच्या डब्यातली वाटी कुणीतरी काढून ठेवली आहे.

प्रश्न : मुलाची खोली दोन वर्षं बंद आहे. पावसाळ्यात उघडली की गटारासारखा वास येतो, झुरळंही दिसतात. हे म्हणतात, खोली विद्यार्थ्याला भाड्याने देऊ. मला तिथली वस्तू हलवायला नको वाटतं.
– एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : त्या खोलीला लागून बाथरूम असणार. जमिनीतल्या जाळीखाली जो ट्रॅप असतो, त्यात दोनेक इंच पाणी कायम साचलेलं असावं लागतं. तेवढंच पाणी ड्रेनेजचा वास आणि झुरळं अडवतं. बाथरूम वापरात नसलं की ते उन्हाळ्यात काही आठवड्यांत उडून जातं आणि पाइप सरळ खोलीत उघडा होतो. फिनेल ओतून किंवा उदबत्ती लावून उपयोग नाही. प्रत्येक जाळीत आठवड्याला एक तांब्या पाणी ओता, बेसिनचा नळ अर्धा मिनिट सोडा, कमोड एकदा फ्लश करा. महिनाभर मुलाकडे जाणार असाल, तर पाणी ओतल्यावर वर दोन चमचे खाद्यतेल सोडा. तवंगामुळे पाणी उडायला वेळ लागतो. गिझरचं बटण भिंतीवरच बंद करा, नुसता थर्मोस्टॅट कमी करून ठेवू नका.

कुबट वास वेगळा, तो ओलीचा. कपाट पावसाची झड लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल, तर चार बोटं पुढे ओढा. पावसाने उघडीप दिली की तासभर समोरासमोरच्या खिडक्या उघडा. झड चालू असताना उघडल्या, तर ओल आत येते. कापसाच्या गादीला ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस आणि मेमध्ये दोन दिवस ऊन दाखवा. चामड्याचे बूट, पट्टे, बॅगा पॉलिथिनमध्ये बांधू नका, आतल्या आत बुरशी धरतात. जुन्या कॉटनच्या उशीच्या अभ्र्यात ठेवा. डांबरगोळ्या कपाटात ठीक आहेत, पण कुणी झोपणार असेल त्या खोलीत नकोत.

आता हलवण्याचा विषय. सगळी खोली एकदम आवरायला काढू नका, तुम्ही पहिल्याच खणात अडकाल. मुलाला व्हिडिओ कॉलवर तासभर बसवा आणि एका वेळी एकच कपाट घ्या. तीन ढीग करा : त्याला हवं ते, तुम्हाला हवं ते, द्यायचं ते. तुम्हाला हवं त्याला एक पत्र्याची ट्रंक. ती भरली की त्यात काही घालायचं तर काहीतरी काढायचं. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रकं, पदवीची मूळ प्रमाणपत्रं आधी बाजूला करा. रद्दीत गेलेला दाखला पुन्हा मिळवायला हेलपाटे पडतात. इंजिनिअरिंगची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घेणाऱ्यांकडे न्या, पण सत्र सुरू होण्याच्या तोंडावर. एरवी भाव पडतो आणि अभ्यासक्रम बदलला की कुणी घेतच नाही. खणात जुने मोबाइल आणि पॉवर बँक असतील, तर पाठीमागून फुगलेत का बघा. फुगलेली बॅटरी बंद कपाटात ठेवणं धोक्याचं आहे. ती दाबू नका, टोचू नका, कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

भाडेकरू ठेवायचा की नाही, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. ठेवलात, तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो. अकरा महिन्यांचा असला तर नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं आणि सोसायटीला लेखी कळवणंही आलंच. आमचं मत विचाराल, तर पहिलं वर्ष थांबा. मुलगा सुट्टीला येऊन एकदा त्या खोलीत राहून गेला, की तुम्हालाही नीट कळेल ती कशासाठी हवी आहे.

प्रश्न : मुलगी शिकायला जर्मनीला गेली. तिची स्कूटर पार्किंगमध्ये उभी आहे. मी रोज सकाळी स्टँडवर लावूनच पाच मिनिटं चालू करतो, तरी बॅटरी उतरली.
– एक वाचक, हडपसर

उत्तर : म्हणूनच उतरली. स्टार्टर जेवढी वीज खातो, तेवढी पाच मिनिटांच्या मंद गतीत परत भरत नाही. रोजचं बंद करा आणि आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं रस्त्यावर फिरवून आणा, विमा आणि पीयूसी चालू असतील तरच. जमणार नसेल, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, गाडी मधल्या स्टँडवर लावा आणि टायरची हवा महिन्याने बघा. विकायचा विचार असेल, तर गाडी तिच्या नावावर आहे हे विसरू नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर तिची सही लागते. पुढच्या वेळी ती येईल तेव्हा पहिल्या आठवड्यात हे काम उरका, शेवटच्या दिवशी बॅगा भरताना होत नाही.

प्रश्न : मुलगा कॅलिफोर्नियात. रविवारी सकाळी साडेआठला फोन ठरलेला. नोव्हेंबरपासून तो वैतागतो, म्हणतो, ‘आई, मी अजून बाहेर आहे.’ बोलणंही ‘जेवलास का’च्या पुढे जात नाही.
– एक वाचक, औंध

उत्तर : वैताग घड्याळाचा आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. उन्हाळ्यात पुणे कॅलिफोर्नियाच्या साडेबारा तास पुढे असतं, म्हणून तुमच्या रविवारी सकाळी साडेआठला त्याच्याकडे शनिवारचे रात्रीचे आठ. नोव्हेंबरनंतर अंतर साडेतेरा तास होतं आणि त्याच साडेआठला तिथे सात वाजलेले असतात. हिवाळ्यात साडेनऊला फोन करा. जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये मुलं असलेल्यांनी मार्चचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार लक्षात ठेवावा. तिथलं अंतर साडेतीन तासांचं साडेचार होतं. दोन्ही बदल दिवाळीच्या मागेपुढेच येतात, म्हणून लक्ष्मीपूजनाच्या कॉलची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या.

‘जेवलास का’ला ‘हो’ म्हटलं की पुढे बोलायचं काय? उत्तरात वस्तू यावी असं विचारा : फ्रीजमध्ये आत्ता काय आहे, दाखव. शेजारी कोण राहतं? बस किती वाजताची? तुमच्याकडचंही सांगा, दुखणी सोडून. कॉल वीस मिनिटांत संपवणारे तुम्ही असा. आठवड्यात मध्येच काही सांगावंसं वाटलं तर अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवा, तो सवडीने ऐकेल. सकाळच्या फुलांच्या सुप्रभातांमध्ये तुमचा खरा निरोप हरवतो, एवढं जाता जाता सांगून ठेवतो.

प्रश्न : मुलगा-सून वाकडला राहतात. त्यांच्या घराची किल्ली आमच्याकडे आहे. ते ऑफिसात असताना भाजी-आमटी करून त्यांच्या फ्रीजमध्ये ठेवून आले, तर सून नाराज झाली. चुकलं काय?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : किल्ली पाणी गळलं तर आणि त्यांची हरवली तर, यासाठी आहे. डबा द्यायचा असेल, तर आदल्या दिवशी विचारा आणि ‘नको’ आलं तर ‘बरं’ म्हणा. आणि विचारा सुनेलाच, मुलामार्फत नको.

प्रश्न : गेल्या वर्षी निवृत्त झालो, त्याच सुमारास मुलीचं लग्न झालं. आता घरात आम्ही दोघंच. बोलणं भाजी, औषधं आणि वीजबिल एवढंच. बाकी वेळ वाद. ती म्हणते, ‘तुम्ही सारखे पायात येता.’
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : त्या खरं बोलत आहेत. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच हे घर अनेक वर्षं त्यांचं होतं, त्यांच्या पद्धतीने चालत होतं. तुम्ही तिथे नवे आहात. आणि मुलगी होती तोवर तुमचं निम्मं बोलणं तिच्याबद्दल किंवा तिच्यामार्फत व्हायचं.

स्वयंपाकघरात ‘मदत’ करू नका. एक काम पूर्ण घ्या. शनिवार रात्रीचं जेवण तुमचं : काय करायचं ते ठरवणं, मंडईतून आणणं, करणं आणि ओटा पुसून गॅसखालचं काढणं, सगळं. त्या दिवशी त्यांनी आत यायचं नाही आणि भाजी कशी चिरली आहे, यावर बोलायचं नाही. मंडईत स्वस्त मिळाली म्हणून चार जुड्या मेथी आणलीत, तर निवडायलाही तुम्हीच बसायचं. ही अट ऐकून बऱ्याच जणांना एकच जुडी पुरते.

सकाळ वेगवेगळी घालवा. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून चालू आहे, वाचायला तिथे कमी पडणार नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे जर्मन, फ्रेंच, जपानी भाषांचे वर्ग चालतात. मुलगी-जावई परदेशी जाणार असतील, तर आत्तापासून सुरुवात करा. संध्याकाळी मात्र एकत्र बाहेर पडा. मुलं असलेल्या घरात साडेसहा ते आठ ही गजबजलेली वेळ असते, कुणी क्लासहून येतं, कुणाला भूक लागलेली असते. मुलं गेल्यावर तीच वेळ सर्वांत रिकामी होते आणि तुमचे वाद बहुधा तेव्हाच होत असतील. दोन आठवडे लिहून बघा. त्या वेळेत चालायला जा. अंधार लवकर पडत असेल तेव्हा टेकडी टाळा, वस्तीतल्या रस्त्यानेच जा. शेजारी शेजारी चालताना एकमेकांकडे बघावं लागत नाही, म्हणून अवघड विषय तिथे निघतात. निघाले नाहीत तरी पाऊण तास गेला.

प्रश्न : वय ५१. मुलगी गेल्यापासून रडू येतं, रात्री तीनला जाग येते, घाम फुटतो, छातीत धडधडतं. घरचे म्हणतात, ‘सवय होईल.’
– एक वाचक, वारजे

उत्तर : सवय होईल म्हणून थांबू नका. या वयात रजोनिवृत्ती आणि मुलांचं जाणं अनेकींच्या वाट्याला एकदमच येतं आणि सगळा दोष मुलांच्या जाण्यावर जातो. रात्रीचा घाम, धडधड, तीनची जाग हे पाळी जाण्याच्या काळातलं असू शकतं, थायरॉइडचंही असू शकतं. आधी फॅमिली डॉक्टरकडे जाऊन हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर, बी १२ आणि ईसीजी यांबद्दल विचारा, मग स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. शेवटच्या पाळीला बारा महिने उलटल्यानंतर थोडाही रक्तस्राव झाला, तर त्याच आठवड्यात दाखवा. धडधडीबरोबर छातीत दाब किंवा दम लागणं असेल, तर आठवडाही नको, लगेच दवाखाना गाठा.

नुसतं वाईट वाटणं आणि नैराश्य यांत फरक आहे. मैत्रीण आली, आवडतं गाणं लागलं की थोडं बरं वाटतं, तर ते दुःख आहे, त्याला वेळ द्या. पण दोन आठवडे जवळपास रोज, दिवसातला बराच वेळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्री तीनलाही लागतो आणि मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल, तर ते त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरकडे जा.

प्रश्न : वय ६३, पती नाहीत, मुलगा पुढच्या महिन्यात कॅनडाला जातोय. एकटीने राहायची तयारी काय करू?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : दारापासून सुरुवात करा. शेजारी किल्ली ठेवतात, पण रात्री आतून वरची कडी लावतात, मग ती किल्ली काय कामाची? बाहेरून किल्लीने उघडेल असं चांगलं लॅच बसवा आणि झोपताना तेवढंच लावा. बाहेर सुरक्षा दरवाजा असेल, तर त्याचीही किल्ली शेजारी द्या. घरात एकट्या असताना बाथरूमची कडी लावू नका, भिंतीला धरायला स्टीलचा दांडा बसवून घ्या, तोही प्लायवर नको, विटेच्या भिंतीत.

रोज सकाळी आठला शेजारीण आणि एक नातेवाईक यांना एक ठरलेला निरोप पाठवा. नऊपर्यंत आला नाही, तर त्यांनी फोन करायचा, उचलला नाही, तर दार उघडायचं. हे नियम मुलगा इथे असतानाच त्यांच्यासमोर बोला आणि पंधरा दिवस चालवून बघा. फ्रीजच्या दारावर औषधांची नावं व मात्रा, रक्तगट, डॉक्टरांचा नंबर लावा. त्याखाली मोठ्या आकड्यांत : १०८ रुग्णवाहिका, ११२ पोलीस, १४५६७ ज्येष्ठांची मदतवाहिनी.

मुलगा जाण्याआधी बँकेत त्याच्याबरोबर एकदा जा. तो अनिवासी झाला की त्याचं इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या खात्यामध्ये बदलावं लागतं आणि तुमच्या खात्यांना वारस नोंदवलेला आहे का, तेही त्याच फेरीत बघून होईल. बहिणीकडे, माहेरी जायचं मागे टाकलं असेल, तर एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. आधार कार्ड पर्समध्ये ठेवा.

प्रश्न : यंदा मुलं फक्त चार दिवस येणार. दोघांसाठी चकलीचा घाट नको वाटतो, पण त्यांना घरचीच हवी. भाजणी कमीत कमी किती करावी?
– एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : अर्धा किलो. तांदूळ पाव किलो, हरभरा डाळ १२५ ग्रॅम, उडीद डाळ आणि मूग डाळ साठ-साठ ग्रॅम, मूठभर पोहे, दोन चमचे धणे, एक चमचा जिरं, सगळं वेगवेगळं आणि मंद आचेवर भाजा. याहून कमी गिरणीत नेऊ नका. जात्यात आधीच्याचं मूठभर पीठ अडकलेलं असतं, ते आपल्यात येतं आणि आपलं तेवढंच आत राहतं. दोन किलोंत ते खपून जातं, पाव किलोत चकली बिघडवतं. कुणाचे तांदूळ दळून झाले की त्यामागे नंबर लावा. गव्हामागे लावला तर चकली मऊ पडते.